एकही प्रश्न न विचारण्याचा करार

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मी सोळा वर्षे मुलांची तयारी करून घेतली. ही परीक्षा मला आतूनबाहेरून ठाऊक आहे, असे मी शिक्षकांच्या खोलीतही म्हणत असे आणि पालकसभेतही. सतराव्या वर्षी माझी स्वतःची मुलगी परीक्षेला बसली, तेव्हा लक्षात आले की मला ती फक्त आतून ठाऊक होती.

ज्यांच्या घरात अजून पाचवीचे मूल आलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परीक्षेत दोन पेपर असतात. प्रत्येकात पंचाहत्तर प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, आणि नव्वद मिनिटे वेळ. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. उत्तर लिहायचे नसते. चार पर्यायांपैकी योग्य पर्यायाचे वर्तुळ वेगळ्या उत्तरपत्रिकेवर पेनाने पूर्ण काळे करायचे असते. शेजारच्या मुलाचे पाहून उपयोग होऊ नये म्हणून प्रश्नपत्रिकेचे ए, बी, सी, डी असे चार संच काढतात. प्रश्न तेच, त्यांचा क्रम निराळा. उत्तरपत्रिका जमा होते, प्रश्नपत्रिका मुलाला घरी नेता येते.

आम्ही सातपूरला राहतो. मुलीचे पप्पा तिथल्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये आहेत आणि माझी शाळा घरापासून चार थांब्यांवर आहे. मुलीला मात्र मी दुसऱ्या शाळेत घातले, कारण आपल्या मुलाला आपल्याच वर्गात बसवू नये असे माझे ठाम मत आहे. वर्गात बसवले नाही. मात्र जून महिन्यापासून घराचाच वर्ग केला.

जेवणाच्या टेबलावर रोज पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास असे वेळापत्रक मी फ्रिजच्या दारावर लावले. एक वर्तुळ नीट काळे करायला चार सेकंद लागतात, म्हणजे पंचाहत्तर वर्तुळांना पाच मिनिटे, म्हणून विचार करायला पंच्याऐंशीच मिनिटे उरतात, हा हिशेब मी तिला पहिल्याच दिवशी समजावला. प्रश्नपत्रिकेतही निवडलेल्या पर्यायावर छोटी खूण करावी, म्हणजे नंतर घरी पडताळता येते, हेही शिकवले. तिने ते सारे निमूटपणे आत्मसात केले. आवाज तिने एकदाच उठवला, तोही दिवाळीनंतर.

दिवाळीत आम्ही नामपूरला धाकट्या दिरांकडे गेलो होतो. तिथे अंगणात नऊ माणसे बसली असताना मी तिला सहज एक गणित घातले. एका गोणीत पन्नास किलो कांदा मावतो, तर बेचाळीस क्विंटल कांद्याला किती गोण्या लागतील. मला वाटले होते, पटकन उत्तर येईल आणि मंडळी कौतुक करतील. ती गडबडली आणि अठ्ठेचाळीस म्हणाली. उत्तर चौऱ्याऐंशी आहे. दीर तिची बाजू सावरायला म्हणाले, "वहिनी, गोणीत कोण भरतं आता, ट्रॉलीत मोकळाच नेतो आपण." परंतु तोवर तिच्या चुलतभावाला नवे नाव सापडले होते. पुढचे चार दिवस तो तिला "अठ्ठेचाळीस" म्हणूनच हाक मारत होता. अठ्ठेचाळीस, जेवायला चल. अठ्ठेचाळीस, फुलबाज्या कुठे ठेवल्यास. मीही एकदोनदा हसले, हे इथे नोंदवले पाहिजे.

परतल्यावर मी तो किस्सा बहिणीला फोनवर सांगितला, घरी आलेल्या शाळेतल्या एका बाईंना सांगितला, आणि ज्या भाजीवालीकडून कांदे घेते तिलाही विषय निघाला म्हणून सांगितला. तिन्ही वेळा मुलगी ऐकण्याच्या अंतरावर होती. तिसऱ्या वेळेनंतर तिने मला आपण होऊन वही दाखवणे बंद केले. मागितली की देई. मागितली नाही तर वही दप्तरातच राही. आधी असे नव्हते. आधी ती शाळेतून आल्या आल्या बूटही न काढता दिवसभराचे सर्व सांगत असे आणि मी तिला म्हणत असे, आधी बूट काढ. आता बूट काढून, जागेवर ठेवून, शांतपणे आत येत असे. घर अधिक शिस्तीचे झाले होते आणि मला ते आवडत नव्हते.

जानेवारीत एका संध्याकाळी तिने एकेरी वहीचे एक पान माझ्यासमोर ठेवले. वर मध्यभागी "करार" असे लिहून खाली पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या. समास सोडला होता. ती माझीच शिकवण.

करारात असे म्हटले होते की परीक्षा झाल्यापासून निकाल लागेपर्यंत आईने पेपरविषयी एकही प्रश्न विचारायचा नाही. सोपा गेला का, अवघड गेला का, वेळ पुरला का, हेही प्रश्नच धरले जातील. प्रश्नपत्रिका मुलीच्या कप्प्यात राहतील. मुलगी परीक्षेपर्यंत सांगितलेला सर्व अभ्यास कुरकुर न करता करील. आईने करार मोडला, तर आठवीच्या शिष्यवृत्तीचा अभ्यास मुलगी एकटी करील आणि आई तिला शिकवणार नाही.

शेवटचे कलम मी दोनदा वाचले. एखाद्या सुताराला त्याच्या मुलीने, माझ्या लग्नातला पाट तुम्ही करायचा नाही, असे सांगावे, तसे ते होते. पण सही केली. साक्षीदार म्हणून पप्पांनी केली. सही करण्यापूर्वी त्यांनी चष्मा लावून सबंध कागद वाचला आणि मला म्हणाले, "अगं, तुला जमेल का हे? तू झोपेतसुद्धा विचारतेस, समजलं का म्हणून."

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाली. एरवी त्या दिवशी मी कुठल्या तरी केंद्रावर पर्यवेक्षक असते. यंदा माझे अपत्य परीक्षेला असल्यामुळे मला ते काम नव्हते. सकाळी आम्ही तिघे केंद्रावर गेलो, तिने फाटकातून आत जाताना हात हलवला, आणि फाटक लागले. सोळा वर्षे मी ते फाटक लागण्याचा आवाज आतल्या बाजूने ऐकला होता. आत असताना पालक म्हणजे मुलांना वेळेवर आत सोडत नाहीत आणि फाटकाला लटकून राहतात, अशी गर्दी वाटत असे. त्या दिवशी पाहिले तर गजांमधला सर्वांत चांगला गज मीच धरला होता.

शेजारी सटाण्याकडचे एक आजोबा उभे होते. नातवाला घेऊन आले होते. सर्व वर्तुळे पूर्ण काळी केली नाहीत तर यंत्र ती वाचत नाही, हे मी त्यांना समजावून सांगू लागले. बोलणे लांबले असावे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि अहिराणीत म्हणाले, "पोर शे ती, मशीन नही, बाई." मग पिशवीतून वर्तमानपत्र काढून ते सावलीत बसले. मी गज सोडला नाही.

मधल्या सुट्टीत मुले बाहेर आली. आता जे झाले ते प्रत्येक केंद्रावर दरवर्षी होते, मी केवळ ते इतक्या जवळून पाहिले नव्हते. डबे उघडण्याआधी प्रश्नपत्रिका उघडल्या. एक वडील पेन्सिल घेऊन पायरीवरच गणिते सोडवू लागले. दोन आयांची उत्तरे जुळेनात, तेव्हा तिसरीला बोलावले, आणि तिचे उत्तर दोघींपेक्षा वेगळे निघाले. मुले बाजूला उभी राहून पोळीचा रोल खात होती. माझ्या जिभेवर किमान सात प्रश्न रांगेत उभे होते. मी डबा पुढे केला आणि विचारले, "भाजी तिखट झाली आहे का?"

माझी मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "हा प्रश्न भाजीबद्दल आहे. चालेल."

दुसरा पेपर झाला. ती बाहेर आली, दोन्ही प्रश्नपत्रिका दप्तरात होत्या, चेहरा पाटीसारखा कोरा होता. घरी आल्यावर तिने त्या आपल्या कप्प्यात ठेवल्या आणि खेळायला गेली. कप्प्याला कुलूप नव्हते. तिने लावले नव्हते, कारण करार झाला होता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते सांगताना मला थोडे हसू येते. शिक्षकाचे बोलणे बहुतांशी प्रश्नांचे असते आणि ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे तेच आपण विचारतो. इथे पहिल्यांदाच ज्याचे उत्तर मला खरोखर ठाऊक नव्हते असा प्रश्न माझ्याजवळ होता आणि तोच विचारायचा नव्हता. मी विधाने करून पाहिली. नाश्त्याच्या वेळी म्हणाले, "काही मुलांना म्हणे बुद्धिमत्तेच्या पेपरात आकृत्यांचे प्रश्न लांबलचक वाटले." ती म्हणाली, "आई, शेवटी प्रश्नचिन्ह लपवलंयस." दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडे पाहत म्हणाले, की यंदाचे गणित सोपे होते असे शाळेत सर्वजण म्हणतात. पप्पांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले आणि साक्षीदार या नात्याने मला ताकीद दिली. तिसऱ्या दिवसापासून मी गप्प राहिले आणि कपाटे आवरली. घरातली सर्व कपाटे आवरून झाली तेव्हा पहिला आठवडा संपला.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, उत्तरसूची प्रसिद्ध झाली. दुपारी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी ती टाकली. "पाचवी उत्तरसूची" एवढेच वर लिहिले होते. मी ती मोबाइलमध्ये उतरवून घेतली आणि स्वतःला सांगितले, की ही माझ्या वर्गातल्या मुलांसाठी आहे.

संध्याकाळी मुलगी खो-खोच्या सरावाला गेली. पप्पा बाजारात गेले होते. मी तिच्या खोलीत झाडू मारायला गेले, हे खरे आहे. झाडू मारून झाल्यावर मी कप्पा उघडला, हेही खरे आहे. मनाची समजूत अशी घातली की करारात प्रश्न विचारायचा नाही असे लिहिले आहे, उत्तरे पाहायची नाहीत असे कुठे लिहिले आहे. अशी पळवाट माझ्या वर्गातल्या मुलाने काढली असती तर मी त्याला उभे केले असते.

प्रश्नपत्रिका उघडल्या तर प्रत्येक प्रश्नात तिची खूण होती. लहान, नेमकी, पर्यायाच्या डाव्या बाजूला. मी शिकवले होते तशीच. मी टेबलावर न बसता पलंगाच्या कडेवर बसले, पाय दाराकडे ठेवले, आणि पेन्सिलीने प्रश्न क्रमांकाशेजारी सूक्ष्म ठिपके देऊ लागले. बाहेर जिन्यात पाऊल वाजले की थांबत होते. पहिल्या पेपरात पंचाहत्तरपैकी एकोणीस बरोबर आले. मी पुन्हा मोजले. एकोणीसच होते. दुसऱ्यात सतरा आले. एकूण छत्तीस प्रश्न, बहात्तर गुण, तीनशेपैकी.

मी ठिपके खोडले, खोडरबराचा चुरा हाताने गोळा केला, प्रश्नपत्रिका होत्या तशा ठेवल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. गुणांचे दुःख होते, पण त्याहून अधिक असे वाटत होते की हिला हे माहीत आहे. म्हणूनच तिने करार लिहून घेतला. जून ते फेब्रुवारी रोज दोन तास मी जिला शिकवले, तिला मी काय शिकवत होते?

शनिवारी पप्पा पहिली पाळी करून आले, तेव्हा मी त्यांना सर्व सांगितले. चोरीचा भाग हळू आवाजात सांगितला, गुणांचा त्याहून हळू. ते चहा पिता पिता ऐकत होते. म्हणाले, "आमच्याकडे सगळाच लॉट चुकीचा निघाला, तर आधी मापायचं गेज तपासतात. मग बनवलेल्या जॉबला नावं ठेवतात." मी म्हणाले, अहो, हा कारखाना नाही, इथे छापील उत्तरसूची आहे. ते म्हणाले, "गेजवरचे आकडेसुद्धा छापीलच असतात." आणि आंघोळीला गेले. मला तेव्हा ते बोलणे कामावरून आलेल्या माणसाचे बोलणे वाटले.

त्या दिवशी मी साबुदाणा वडे केले. उपवास कोणाचाच नव्हता. रविवारी गंगापूर रस्त्याला जाऊन मिसळ खाल्ली आणि तिला जिलेबीही घेऊन दिली, जी मी एरवी दातांच्या कारणाने नाकारते. आणि दोन्ही दिवशी, मध्येच कधीतरी, परीक्षा म्हणजे काही सर्वस्व नसते, असे एक वाक्य बोलले. आमच्या घरात हे वाक्य त्यापूर्वी कोणी उच्चारलेले नव्हते. मुलगी दोन्ही वेळा माझ्याकडे पाहत राहिली. आता आठवते की वर्गात एखादे मूल अचानक फार चांगले वागू लागले की मीही तसेच पाहते.

सोमवारी ती सरावाहून आली, घामाघूम. मी तिच्यासमोर ताक ठेवले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "बाळा, परीक्षा म्हणजे काही सर्वस्व नसतं."

तिने पेला खाली ठेवला. म्हणाली, "आई, तू माझे पेपर तपासलेस."

शेवटी प्रश्नचिन्ह नव्हते. मी वर्गासमोर कधी खोटे बोललेले नाही आणि ऐन वेळी ते जमलेही नसते. हो म्हणाले.

"किती?"

"बहात्तर."

"दीडशेपैकी?"

"तीनशेपैकी."

तिच्या चेहऱ्यावरचा खेळून आलेला लाल रंग उतरताना मी पाहिला. ती उठली, आत गेली, दोन्ही प्रश्नपत्रिका घेऊन आली आणि माझा मोबाइल मागितला. मी उत्तरसूची उघडून दिली. तिने मधले काही पाहिले नाही. बोटाने पान सरकवत अगदी वर गेली. मग प्रश्नपत्रिकेचे मुखपृष्ठ मोबाइलशेजारी ठेवले आणि दोन्ही माझ्याकडे वळवले.

"ही ए संचाची आहे. माझा बी आहे."

मी चष्मा लावला. ए होता. बी होता. प्रश्न तेच असले तरी क्रम निराळा, म्हणजे मी तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाशी ताडून पाहिले होते, आणि असे दीडशे वेळा. चार पर्यायांच्या प्रश्नांत कोणी डोळे मिटून वर्तुळे काळी केली, तरी साधारण चौथा हिस्सा बरोबर येतो. दीडशेचा चौथा हिस्सा साडेसदतीस. माझे आले होते छत्तीस. हा आकडा पाहताच कोणत्याही शिक्षकाला शंका यायला हवी होती. पण मी त्या वेळी शिक्षक म्हणून बसले नव्हते, दाराकडे पाय करून बसले होते. चोरून करायच्या कामात माणसाला पद्धत आठवत नाही.

"वर्गात तू सगळ्यांत आधी कुठली सूचना देतेस?" मुलीने विचारले.

मी म्हणाले, "सर्वप्रथम प्रश्नपत्रिकेचा संच पाहावा."

"ऐकू नाही आलं."

मी मोठ्याने म्हणाले. दारात पप्पा टॉवेलने तोंड पुसत उभे होते आणि गरजेपेक्षा फार वेळ पुसत होते. तीही हसू लागली, आणि मला वाटले, निभावले.

मग ती हसायची थांबली. "म्हणजे शुक्रवारपासून तुला वाटत होतं की मला बहात्तर पडलेत."

"हो."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

या प्रश्नाला चार पर्याय नव्हते. मी जून महिन्यापासून तिच्या शेजारी रोज दोन तास बसत होते. ती कुठे अडते, कुठे घाई करते, कोणत्या प्रश्नाला पेनाचे टोपण चावते, हे मला ठाऊक होते. तरी एक कागद समोर आला आणि मी कागदावर विश्वास ठेवला. वडे तळले, जिलेबी घेतली, पण एकदाही मनात आले नाही की हे शक्य नाही, माझी मुलगी अशी नाही. गेज तपासा म्हणणारा माणूस घरात होता आणि मी त्याला छापील अक्षरांचा मोठेपणा सांगितला होता.

"वाटलं," मी म्हणाले. "चुकलं माझं."

तिने मान हलवली, जशी मी मुलांच्या चुकीच्या पण प्रामाणिक उत्तराला हलवते. मग वहीतून करार काढला. पप्पांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला. ते म्हणाले, आईने प्रश्न विचारला नाही, कप्पा उघडला, तेव्हा थोडी सवलत देता येईल. तिने त्यांना प्रश्नपत्रिका कप्प्यात राहतील हे वाक्य दाखवले. साक्षीदाराने ते वाचले आणि माघार घेतली. आठवीचा अभ्यास ती एकटी करणार, हे ठरले. फ्रिजवरचे वेळापत्रक तिने त्याच संध्याकाळी काढले. खालच्या चुंबकाने आता दूधवाल्याचे कार्ड धरून ठेवले आहे.

नंतर ती मोबाइल घेऊन टेबलावर बसली आणि मला गॅलरीत जायला सांगितले. बी संचाची सूची तिने स्वतः शोधली. मी गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीच्या टाकीतून पाणी ओसंडताना पाहत राहिले. वीस मिनिटांनी तिने मला आत घेतले.

"दोनशेच्या वर आहेत," ती म्हणाली. "नेमके किती ते निकालात बघ."

प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, म्हणजे दोनशेच्या वर या उत्तरात दोनशे दोनपासून तीनशेपर्यंत पन्नास शक्यता मावतात. कोणत्याही मुलाने मला इतके ढोबळ उत्तर दिले असते तर मी ते पूर्ण करून घेतले असते. मी म्हणाले, बरं.

पुढचे तीन दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली. ताट वाढू का, ही वही बांधून दे, उद्या शाळा सकाळची आहे. राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आले असते. बूट रोज जागेवर असत. मला गुण मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता, पण जेवताना तिच्या शेजारी बसून तो एकटीने करावा लागत होता.

गुरुवारी संध्याकाळी मी मेथी निवडायला बसले होते. ती आली, समोर बसली, आणि तिनेही एक जुडी ओढली. काही वेळ आम्ही दोघी देठ बाजूला करत होतो. ती फार जाड देठ पानांत टाकत होती. मी ते पाहिले आणि काढले नाहीत.

मग ती पानांकडेच पाहत म्हणाली, "पहिल्या पेपरला माझ्या पुढच्या मुलाला उचकी लागली होती."

मी हात थांबवला नाही. तिने सांगितले की ती उचकी साधीसुधी नव्हती, बाक हलत होता. वर्गावरच्या बाईंनी त्याला पाणी दिले. मग पुन्हा दिले. मग त्याला श्वास रोखायला सांगितला, तर त्याने इतका रोखला की सगळा वर्ग पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहायला लागला. मग बाई त्याच्या मागून दबक्या पावलांनी आल्या आणि त्याच्या कानाशी टाळी वाजवली. तो दचकला नाही, पण पलीकडच्या रांगेतल्या मुलीचा पेन उडून खिडकीबाहेर गेला. शिपाईकाका तो शोधायला खाली गेले. तोवर सगळ्यांना त्या उचकीचा ताल सापडला होता. एक उचकी झाली की एक वर्तुळ. गणिताचे पाच प्रश्न तिने त्याच तालावर सोडवले आणि सहाव्याला उचकी लवकर आलीच नाही, म्हणून ती पेन हातात धरून वाट पाहत बसली.

हे सगळे तिने पोटात कसे ठेवले असेल, मला कळेना. परीक्षा होऊन अडीच आठवडे झाले होते. माझ्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. ते पाच प्रश्न कोणते, किती वेळ गेला, पर्यवेक्षकांनी जादा वेळ दिला का, केंद्रप्रमुखांना कळवले का. मी मेथीचे एक पान उलटेसुलटे करून पाहिले.

ती थांबली होती. पुढचे सांगत नव्हती. मी वर पाहिले, तर ती माझ्याकडेच पाहत होती आणि हसू आवरत होती.

"विचार," ती म्हणाली. "एक विचार."

मी नीट विचार केला. इतका विचार मी आयुष्यात कोणत्याही प्रश्नपत्रिकेवर केला नसेल.

"मग थांबली का त्याची उचकी?"

"थांबली ना. पेपर गोळा करायच्या वेळी," ती म्हणाली. "आणि मग बाईंना लागली."